भाड्याने पाळणे मिळतील

पाळण्याच्या दुकानात गिऱ्हाईक लाकूड बघायला येतं आणि अख्खं घर सांगून जातं! मग किस्से साठायला कितीसा वेळ? लालबागेत माझं दुकान. पाळणे विकायचे, भाड्यानेही द्यायचे. आत बसून आमची ही झबली-टोपडी शिवायची. आसपासच्या चाळींतली निम्मी पोरं आमच्या पाळण्यात झोपली. आमच्या घरात मात्र पाळणा हलला नाही.

•

गिरणीतले सावंत पाचव्यांदा पाळणा भाड्याने न्यायला आले. म्हटलं, "आता विकतच घ्या की!"

"नको रे बाबा! घरात पाळणो दिसलो की म्हातारी आवस इचारता, रिकामो कित्याक?"

•

गिरगावातला एक कारकून टेप घेऊन आला. पाळणा टांगला की खोलीचं दार अर्धंच उघडायचं.

"मग दुसऱ्याच्या वेळी काय कराल?"

"दुसरं? अहो शेठ, आई-बाबा, धाकटा भाऊ, आम्ही दोघं, सगळे एका खोलीत. हे पहिलं कसं झालं, याचंच चाळीला कोडं पडलंय!"

•

संयुक्त महाराष्ट्राची धामधूम. आमच्या चाळीच्या चौकात सभा. वक्ते गरजले, "घरटी एक मुलगा चळवळीला द्या!"

मागून कांबळे उठले. "साहेब, मुलाची वाट बघता बघता चार मुली झाल्या. चालतील?"

तोवर थोरली झेंडा घेऊन पुढे! "बाबा, विचारताय कुणाला?"

टाळ्या! मग वक्त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि शेठ, तुमच्याकडून?"

म्हटलं, "सतरंजी माझी आहे."

•

दवाखान्याची बाई चाळीत सांगायला आली, "दोन मुलं पुरेत."

वरच्या मजल्यावरची म्हातारी म्हणाली, "दोनच आहेत गं. झाली होती सात."

म्हातारीने आमच्या हिच्याकडे बोट केलं. "हिला बघ, तुझ्याही पुढे गेलीय!"

बायका हसल्या. सगळ्यांत उशिरापर्यंत हीच हसत होती.

•

पाळणा देण्याआधी तपासायची आमची रीत होती. घरचा वरवंटा आत ठेवून ही झोके द्यायची. कड्या करकरल्या नाहीत की पाळणा बाहेर. बारशाला पाळणा जाई, मी जाई. मूल नसलेल्या बाईला बोलावणं नसे.

एका पौषात सकाळी चहा घेऊन परतलो. पाळणा हलत होता. वरवंट्याला हिने झबलं घातलं होतं. वर टोपडं, नाड्या नीट बांधलेल्या.

"अगं, हे काय?"

"बाहेर गारठा किती आहे!"

मी दुकानाचं दार ओढून घेतलं.