हबीब मापाऱ्याच्या घरातले तीन डबे

सुलतानपुरात आजही त्याला सगळे हबीब मापारी म्हणतात. व्यापाऱ्याच्या अंगणात कापूस तोलणं हा त्याचा धंदा. ढिगात हात खुपसायचा, डोळे मिटायचे आणि ओल किती ते सांगायचं. बीटी कपाशी नवीन आली तेव्हा दिवाळीनंतर त्याला जेवायला उसंत नसे. भुवयांत, दाढीत रुई अडकलेली असायची. मग त्याच बीटीत गुलाबी बोंडअळी शिरली. वरून हिरवी दिसणारी बोंडं आतून किडकी निघू लागली. लोकांनी कपाशी उपटून सोयाबीन धरलं, आणि हबीबचा काटा खुंटीला लागला. तो डिशच्या छत्र्या बसवू लागला, नंतर वायफायचे डबे. शिडी खांद्यावर घेऊन गल्लीतून जाताना तो आता उंबऱ्याच्या दगडासारखा झिजलेला दिसतो.

त्याचं घर लांबुळकं. पुढे बैठक, मध्ये चूल, मागे जुनी कापसाची खोली. मातीच्या भिंती हातभर रुंद. एका डब्याचा वायफाय दुसऱ्या भिंतीपुढे जाईना, म्हणून त्याने तीन डबे लावले. तिन्हींना नाव एकच, पासवर्डही एकच. लेक उमैमा लॅपटॉप घेऊन कुठल्याही खोलीत बसली तरी काम तुटू नये.

ती घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी पीकविम्याचे कागद तपासायची. अळीने खाल्लेल्या कपाशीचे फोटो, सातबारे, आधार, पासबुकं, परक्या माणसांचं सगळं तिच्या पडद्यावरून जायचं. घरात नेमाने येणारी कमाई तेवढीच.

मागच्या भिंतीपलीकडे पुष्पाबाई एकटी राहते. पोरगा सुरतेला कापडाच्या गिरणीत. एका दुपारी तिने भिंतीवरून फोन पुढे केला.

"हबीबभाऊ, व्हिडिओवर पोराचं तोंड मधातच अटकून राह्यते. तुमचा तो शब्द टाकून द्या न."

आमच्याकडे विरजण मागायला आलेल्याला कोणी रिकाम्या वाटीने पाठवत नाही. हबीबने पासवर्ड सांगितला. आणि विरजण एका घरातून दुसऱ्या घरात जावं तसा तोही गेला. पुष्पाबाईने विमलबाईला दिला, विमलबाईने उत्तमरावांना. कोणाच्याच मनात काही वाईट नव्हतं. मागितलेलं दिलं, एवढंच.

मग एके दिवशी कंपनीच्या माणसाने व्हिडिओवर उमैमाला डब्याला कोण कोण जोडलंय ते दाखवणारं पान उघडायला लावलं. पानावर गल्लीतले सगळे फोन. "हे कोण?" त्याने विचारलं. शेजारचे, उमैमाने सांगितलं. तो म्हणाला, उद्या दुपारी पुन्हा बघू. तेव्हाही परके फोन दिसले तर काम बंद, कंपनीचा लॅपटॉप परत पाठवा.

"अब्बा, पूरी गल्ली आपल्या डब्यावर बसली हाय," उमैमा म्हणाली.

"मापारी न तुम्ही?" हबीबच्या बायकोने, सायराने, चुलीपासूनच टोला दिला. "गावाच्या कापसाची ओल बोटानं सांगत होते. आपल्या घरात कोण शिरलं ते नाही समजलं?"

"एका बाईलेच तं देल्ला होता," हबीब पुटपुटला.

"एका बाईले! या गल्लीत एक बाई म्हणजे आकाशवाणी."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कामाला लागला. बैठकीतल्या डब्याला लांबलचक नवा पासवर्ड. आतली मांडणी बदलायचा कारखान्याकडून आलेला पासवर्ड तसाच होता, तोही बदलला. चुलीजवळच्या डब्याचंही तसंच. मागच्या खोलीत मात्र त्याचा हात थांबला. हा एक जुन्या पासवर्डवर राहू दिला तर पुष्पाबाईचं काम चाललं असतं.

उमैमा दारात उभी होती. "अब्बा, तिन्ही एकाच लाइनवर हाय. हे दार उघडं राह्यलं तर त्या दोनाले कुलूप काहाले लावलं?"

"समजते मले, बेटा."

तिसराही बदलला. मग, पुष्पाबाई विचारायला येण्याआधी, तो स्वतःच भिंतीशी गेला.

"वैनी, वायफाय बंद केलं. नवा पासवर्ड कोणालेच देणार नाही. तुमाले बी नाही."

पुष्पाबाई भाकरीच्या पिठाच्या हातांनीच बाहेर आली. "काऊन? मी काय तुमची लाइन खाऊन राह्यली?"

"पोरीची नोकरी जाऊन राह्यली."

"मी पोराचं तोंड पाह्यते, भाऊ. दुसरं काय करते?"

हबीब भिंतीवरचं शेवाळ नखाने खरवडत राहिला. मग म्हणाला, "वैनी, तुमी बी कपाशीचा विमा काढला न? आधार देल्लं, पासबुक देल्लं. ते अशाच कोण्या पोरीसमोर उघडं असन. तिच्या घरात पूरी गल्ली शिरली असन, तर चालन तुमाले?"

पुष्पाबाईने हात पदराला पुसले. पुन्हा पुसले.

"नाही चालणार," ती म्हणाली. "पण मंग पहिल्या दिवशीच नाही म्हणा लागत होतं. सवय लावून तोडून राह्यले तुमी."

"हाव. तेच चुकलं."

दुपारी कंपनीच्या माणसाने पान पाहिलं. घरचे फोन आणि लॅपटॉप, बाकी काही नाही. "चालेल," म्हणून तो गेला. उमैमाने पुढचा कागद उघडला. सायराने हबीबसमोर चहा ठेवला.

तो कप उचलणार तोच भिंतीपलीकडून पुष्पाबाईचा आवाज आला. साध्या फोनवर, मोठ्याने.

"आज तोंड नाही दिसत रे, बापू. नुसतंच बोल. जेवला का? बारीक झाला का? खोटं नको सांगू, आता मले दिसत नाही."

हबीब उठला आणि तिचं बोलणं तिच्याच घरात राहावं म्हणून मागच्या खोलीचं दार त्याने हळूच लोटून घेतलं.