राशीवरचा आखूड करंगळीचा पंजा

आम्ही बायांनी धानाची सहकारी संस्था काढली तेव्हा मला दोन नातवंडं झाली होती, अक्कल तेवढी यायची राहिली होती. गावात कोणी शिंकलं तरी ‘काहून शिंकली असन?’ म्हणून मी दिवसभर विचार करायची, आणि त्यालाच हुशारी समजायची.

ठरलं असं, की सगळ्यांचा चिन्नोर, म्हणजे आमचा वासाचा महाग धान, एकाच राशीत घालायचा आणि भंडाऱ्याच्या व्यापाऱ्याला एकदम विकायचा. एकटीदुकटीला तो भावात दाबायचा. रास घातली तलावाच्या पाळीजवळच्या जुन्या गोदामात. किल्ली अध्यक्षीणबाईंकडे. त्या दुसऱ्या टोलीतल्या, गावाच्या पलीकडच्या वस्तीतल्या. शेजारी बसणं-उठणं संस्थेमुळेच सुरू झालेलं. चिन्नोरात कोणी साधा धान मिसळला तर व्यापारी पहिल्याच मुठीत ओळखणार आणि संस्था पहिल्याच वर्षी बुडणार. माझा वर्षाचा धान त्यात, आणि किल्ली दुसरीच्या कमरेला!

खळ्यावर रास घातली की तिच्यावर चुलीतल्या राखेनं पंजाचे ठसे मारायचे, ही आमच्याकडची जुनी रीत. कोणी हात घातला की ठसा मोडतो. संस्थेच्या राशीवर मात्र ठसे मारायचे नाहीत, असं सभेत ठरलं होतं. ‘आपसात कायचा संशय?’ असं मीच मोठ्यानं म्हणाले होते, टाळ्याही घेतल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी झाडायच्या निमित्तानं किल्ली मागितली, पदराखाली राख नेली आणि राशीच्या मागच्या अंगाला, भिंतीकडे, माझा पंजा उठवून आले.

थोड्या दिवसांनी पाहते तर माझा पंजा गायब! त्याच जागी दुसराच. लहान, आणि करंगळी आखूड.

चोर स्वतःचा हात कशाला ठेवून जाईल, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी मात्र गावभर करंगळ्या तपासत निघाले. नळावर, बारशात, एसटीत. एक जण तर म्हणाली, “का वो काकू, अंगठी घडवून देता का मले?”

शेवटी अध्यक्षीणबाईंच्या घरी सभा होती. त्यांनी चहा पुढे केला आणि बशीखाली मला दिसली विळ्यानं टोक गेलेली करंगळी. मी कप हातात घेतलाच नाही.

“राशीवर तुमचा हात कायले वो, बाई?”

“अन् तुमचा कायले होता?” त्या म्हणाल्या. “मले वाटलं, या बाईनं धान उपसला अन् वरून पंजा मारून गेली. म्हून पुसून माझा मारला.”

मग एकीनं हळूच सांगितलं, “माझा दाराच्या बाजूनं हाये.” दुसरी म्हणाली, “माझा खाली, कोपऱ्यात.” सगळ्या उठून गोदामात गेलो. राशीला चारी अंगांनी पंजेच पंजे!

पण माझा तोरा कुठे जातो? “असं असन तर मी माझा धान काढून घेतो,” मी म्हटलं.

“काढा ना जी,” अध्यक्षीणबाई म्हणाल्या. “दाणा दाणा ओळखून काढा.”

मी राशीकडे पाहिलं. माझा कोणता आणि त्यांचा कोणता, ब्रह्मदेवाला सांगता आलं नसतं. त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. “धरा. आता तुम्ही राखा, आमी संशय घेतो.”

आणि घेतला की! मी कुलूप उघडलं की खिडकीत दोन कपाळं, दारात एखादी ‘बकरी हरवली’ म्हणत उभी. मी दोन्ही हात वर धरून राशीभोवती फिरायची.

व्यापारी आला. त्यानं मूठ घेतली, चोळली, हुंगली, मान हलवली. राखेकडे बोट दाखवून विचारलं, “हे काय?”

“नजर लागू नये म्हून जी,” आम्ही सगळ्या एका दमात म्हणालो.

मग त्यानं वजनकाटा मांडला. पहिलं पोतं चढलं. आम्ही काट्याला गराडा घालून उभ्या राहिलो आणि त्याच्या हातांवरची नजर शेवटचं पोतं उतरेपर्यंत एकीनंही काढली नाही.