न काढलेल्या फोटोतली निळी कमान

आधीच सांगते, मी लॅबमध्ये काम करणारी बाई आहे. डोलवीला कंपनीत सॅम्पल तपासते. आकडा बसला नाही तर मशीन पुन्हा तपासते, नारळ फोडत नाही. या ग्रुपवरचे बरेचसे अनुभव मी जेवताना हसायला म्हणून वाचते... राग मानू नका. पण आता माझ्याकडेच एक न बसणारी गोष्ट आहे, म्हणून लिहितेय.

आम्ही पेणला रामवाडीत राहतो, मी आणि बाबा. बाबा गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायचे. चाळीस वर्षं. त्यातही आखणी त्यांची — म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. ते काम कारखान्यात एकच माणूस करतो, बाकीच्यांनी त्या ब्रशला हातही लावायचा नाही. काचबिंदूने त्यांची नजर खाल्ली, पण त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मलाही नाही! गेल्या सीझनला एका मोठ्या मूर्तीचा डावा डोळा खाली उतरला. मालक एक शब्द बोलले नाहीत, आणि तेच बाबांना लागलं. ब्रश धुऊन घरी आले ते पुन्हा गेलेच नाहीत. आता त्यांना फक्त उजेड आणि अंधार कळतो. आठ महिने खुर्चीत. मी काही म्हटलं की, "आंधळ्या रंगाऱ्याचं काय काम हाय गो तिकडं?" त्यांना त्या खुर्चीतून उठवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

माझा नाद वेगळा — आकाशाचे फोटो. पेणला उजेड फार, म्हणून सुट्टी जुळली की रोह्याकडे, खांबच्या आतल्या बाजूला आत्याच्या गावी जाते आणि वालाच्या शेताच्या बांधावर दुर्बीण लावते. आत्या म्हणते, "लोकं वाल राखतात, ही बया चांदण्या राखते."

व्याधाच्या ताऱ्याजवळ एक तेजोमेघ आहे, तो मी फोटोसाठी घेतला होता. साध्या रंगीत फोटोत असले ढग फिके येतात. म्हणून वेगळे फिल्टर लावून पुन्हा फोटो काढायचे. एक फिल्टर फक्त हायड्रोजनचा लाल प्रकाश आत सोडतो, दुसरा ऑक्सिजनचा निळसर. हे फोटो काळे-पांढरेच असतात. ते मग रंगीत फोटोत मिसळायचे. किती मिसळायचं, तिथेच सगळी कला. माझे रंगीत आणि हायड्रोजनचे फोटो झाले होते, ऑक्सिजनचे राहिले होते.

रविवारी दुपारी मिसळायला बसले. सगळा हायड्रोजन लालमध्ये ओतला आणि फोटोचा पार गुलाल झाला. मी वैतागून बडबडत होते. बाबा शेजारी खुर्चीत.

"काय झालं गो?"

लाल कसा जास्त झाला ते सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"लालावर लाल मारलंस होय? अगो, अंगरंग जाड बसला की मूर्ती खेळण्यातली दिसते. पातळ हात मार. तीनदा मार. आणि डोळं झाकून ठेव, त्यात रंग जाऊ देऊ नको."

डोळे म्हणजे कोण? तारे! माझे सगळे तारे गुलाबी झाले होते, आणि ते मी बोललेच नव्हते. म्हटलं, जाऊ दे, अनुभवी माणूस आहे. तारे वेगळे काढून ठेवले, हायड्रोजन थोडा थोडा तीन वेळा चढवला. काय सुंदर दिसायला लागला हो तो ढग! आठ महिन्यांनी बाबा रंगाबद्दल बोलत होते, याचाच आनंद जास्त.

मग ते म्हणाले, "आणि निळा?"

"निळ्याचे फोटो अजून काढलेच नाहीत, बाबा."

ते उठले. चाचपडत स्क्रीनपाशी आले आणि काचेवर बोट ठेवलं. "हितनं निघतो... असा वर जातो... हितं तुटलाय... मग परत खाली."

"बाबा, तिथे सगळं काळं आहे!" मी जरा जोरातच बोलले.

"मग असंल काळं," म्हणाले आणि खुर्चीत जाऊन बसले. चेहरा इतका उतरला की मला माझीच लाज वाटली. त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं, पुन्हा दाखवा. त्यांचं बोट गेलं तिथून फोटोवर रेघ ओढली, फाइल सेव्ह केली.

तीन आठवड्यांनी आत्याकडे जाऊन ऑक्सिजनचे फोटो घेतले. घरी येऊन ते एकत्र केले, ताऱ्यावर तारा जुळवला आणि सहज ती जुनी रेघ वर ठेवली.

रेघेखाली कमान होती. फिकट, पण स्पष्ट. वर जाणारी, एका जागी तुटलेली, मग खाली उतरणारी. उलट-सुलट करून पाहिलं, सगळं नव्याने जुळवलं. तीच जागा. माझा फोटो पूर्ण होईपर्यंत मी दुसऱ्यांचे फोटो बघत नाही, माझी खोडच आहे ती. त्या दिवशी पाहिले. त्यांच्यातही कमान तिथेच, तशीच तुटकी.

"बाबा, कसं कळलं तुम्हाला?"

"मला काय ठाऊक? हात गेला तिकडं." मग त्यांनीच विचारलं, "तुटलाय ना?"

"तुटलाय."

बाबा रडले. मीही रडले.

मग निळा चढवला, पातळ, तीन हात. लाल ढगाला आतून निळी कड आली. बाबा स्क्रीनसमोर उभे होते. तारे तेवढे परत घालायचे होते. मी म्हटलं, "सांगा, कसे घालू?"

"आखणी तू कर," ते म्हणाले. "मी हाय हितं."

कमानीला हवं तर योगायोग म्हणा, पण तुटलेल्या जागेचं काय? दोन्ही फाइली तारखेसकट आहेत, ज्याला तपासायच्या असतील त्याने खुशाल घरी यावं. बाबा मात्र भेटणार नाहीत. सकाळी नऊलाच कारखान्यात जातात, नव्या पोरांना पातळ हात मारायला शिकवतात.