नळी, गिटार आणि रोवण्याचं गाणं

डॉक्टरसाहेबांनी माझ्या पाठीवर एक बोट आडवं ठेवलं आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं त्यावर ठोकत ठोकत खाली आले. उजव्या बाजूला पोकळ आवाज आला. डाव्या बाजूला अर्ध्यावरून खाली आवाज बदलला, भरलेल्या कणगीवर थाप मारली की येतो तसा. मग त्यांनी जाड सुई घातली आणि पिचकारी ओढली. आत पिवळा, घट्ट पू आला. माझी बायको सोनाबाई पदर तोंडाला लावून उभी होती.

"एम्पायेमा," डॉक्टरसाहेब म्हणाले. मी विचारलं, म्हणजे काय? मग त्यांनी समजावलं. फुप्फुस आणि बरगड्या यांच्यामध्ये एक पातळ पदर असतो. त्या पदरात पू साठला की त्याला एम्पायेमा म्हणतात. पू जागा खातो आणि फुप्फुस चेंबून एका कोपऱ्यात जाऊन बसतं.

हा पू काढायला माझ्या कुशीत नळी बसली; ज्यांच्या कुशीत उद्या अशीच नळी बसेल त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मला त्या वेळी कोणी आधी सांगितलं असतं तर माझा महिना वाचला असता.

आमचं गाव अर्जुनीच्या बाजूला, सडकेपासून आत. घरी धानाची शेती आणि गावात मला सगळे पटेल, म्हणजे पाटील, म्हणत. रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, शेवटच्या दिवसांत मला ताप भरला आणि डाव्या कुशीत कळ उठली. श्वास घेतला की सुरा फिरल्यासारखं व्हायचं. गावातल्या जाणत्यानं कुशीत तापल्या सळीचे तीन डाग दिले, छाती धोतराच्या पट्टीनं करकचून बांधली आणि सांगितलं, बोलू नका, हसू नका, जोरानं श्वास घेऊ नका. मी इमानदारीनं तसं केलं. दुखत नव्हतं म्हणून मला वाटलं, गुण येतो आहे. ताप मात्र हटेना. शेवटी सोनाबाईनं बैलगाडी जुंपायला लावली. सडकेवर मोटार मिळाली. लढाईचे दिवस, पेट्रोल नव्हतं, मोटार कोळशावर चालायची. चढ आला की सगळे उतरून ढकलायचे आणि मी एकटा नवरदेवासारखा आत बसलेला. अशा थाटात आम्ही गोंदियाच्या दवाखान्यात पोचलो.

दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. तिला रिब रिसेक्शन म्हणतात, म्हणजे बरगडीचा एक तुकडा काढून नळीला वाट करायची. भूल फक्त त्या जागेपुरती होती. दुखलं नाही, पण बरगडी कातरल्याचा आवाज ऐकू आला, अडकित्त्यात सुपारी फुटते तसा. मी रामाचं नाव घेत होतो आणि मधेच ओरडून विचारत होतो, "झालं का?" डॉक्टरसाहेब म्हणाले, "पटेल, तुम्ही रामाशी बोला. माझ्याशी मी बोलतो."

नळी कुशीतून निघून खाटेखालच्या बाटलीत गेली. पू वाहून गेला, ताप उतरला. मला वाटलं, सुटलो.

तेव्हा डॉक्टरसाहेबांनी खाटेवर बसून खरी गोष्ट सांगितली. पू गेला, पण त्याची जागा रिकामी राहिली. फुप्फुस फुगून ती जागा भरेल तरच भोक बुजेल. नाहीतर पुन्हा पू होईल. मग एकच उपाय, थोराकोप्लास्टी. म्हणजे त्या बाजूच्या बऱ्याच बरगड्या काढून छातीच आत बसवायची. ते नागपूरला करतात. "वहाँ से सब वापस नहीं आते," ते म्हणाले. ते लपवून ठेवणारे डॉक्टर नव्हते. मग म्हणाले, "दसऱ्यापर्यंत वाट पाहीन. घाव हम भर देंगे, फेफड़ा तुमको खुद फुलाना पड़ेगा."

दर सोमवारी ते नळीतून मिठाचं निर्जंतुक पाणी आत सोडून बघायचे, किती मावतं ते. पहिल्या सोमवारी पेलाभर मावलं. माझ्या छातीत एक पेलाभर काहीच नव्हतं.

फुंकायला दोन बाटल्या दिल्या. एकीतलं पाणी फुंकून नळीवाटे दुसरीत घालायचं. ऐकायला पोरखेळ वाटतो. मी दोनदा फुंकलं आणि कुशीत अशी कळ आली की बाटली खाटेखाली ढकलून दिली. सिस्टर रागावली की फुंकायचं, तिची पाठ फिरली की बंद. डाव्या कुशीवर हात दाबून, त्या बाजूला वाकून पडून राहायचो. छाती चोरायची सवय लागली होती. दुसऱ्या सोमवारीही पेला भरूनच पाणी मावलं. सोनाबाई उठून व्हरांड्यात गेली आणि बराच वेळ आली नाही.

माझ्या शेजारच्या खाटेवर रेल्वेचे एक गार्डसाहेब होते, पीटर नावाचे. गाडीच्या शेवटच्या डब्यातून उतरताना पाय घसरून मांडीचं हाड मोडलेलं. पायाला वजन बांधून तो वर टांगलेला. माणूस हालू शकत नव्हता, पण तोंड आणि हात थांबत नव्हते. त्यांच्याजवळ एक वाद्य होतं. त्याला गिटार म्हणतात हे मला तिथेच कळलं. छातीवर आडवी ठेवून ते दिवसभर टुणटुण करायचे आणि मी मनातल्या मनात त्यांच्या दुसऱ्या पायालाही शिव्या द्यायचो.

त्या सोमवारचं सगळं त्यांनी ऐकलं होतं. म्हणाले, "पटेल, ये पकड़ो."

मी म्हणालो, आमच्या घरात कोणी गात नाही, वाजवत नाही. बेचाळिसाव्या वर्षी काय शिकणार? खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती. पटेलानं वॉर्डात बसून तारा छेडायच्या म्हणजे काय!

गार्डसाहेब म्हणाले, "मरने में शरम नहीं आती?"

हे बोलणं मला फार लागलं. मी गिटार घेतली.

ती धरताना एक गोष्ट कळली. डावा हात लांब करून तिची मान धरावी लागते. कोपर अंगापासून दूर जातं आणि चोरलेली डावी कूस आपोआप उघडते. पहिल्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरसाहेब फेरीला आले, मला बघून थबकले. मला वाटलं, ओरडणार. ते म्हणाले, "बाटलीपेक्षा हे बरं. सोडू नका."

तारा पोलादी होत्या. माझी बोटं जाड. एका तारेवर ठेवलं की शेजारची दबायची. आठ दिवसांत बोटांच्या टोकांची साल निघाली आणि दोन सूर बसले. सूर म्हणजे तीन-चार तारा एकदम दाबून छेडायच्या. गार्डसाहेब म्हणत, दोन सुरांवर माणसाचा संसार निघतो. मग त्यांनी खरं काम दिलं. तार छेडायची आणि तोंडानं 'आ' लावायचा. "तार जब तक बोलती है, तब तक तुम भी बोलो. पहले चुप हुए तो हारे."

मी रोज हरायचो. तार बोलतच राहायची आणि माझा दम संपायचा. पण हट्टाला पेटलो. तिसऱ्या सोमवारी पाणी पाऊण पेला मावलं, चौथ्या सोमवारी अर्धा. सोनाबाईनं तो पेला उजेडात धरून पाहिला.

आता माझ्या 'आ आ'ला वॉर्ड कंटाळला होता. समोरच्या खाटेवरचे एक म्हातारबा म्हणाले, "पटेल, म्हस हंबरून राहिल्यावानी वाट्टे. गाना म्हना ना एखादा!"

मला गाणंच येत नव्हतं. आरतीतही मी टाळ्या वाजवून ओठ हलवणारा माणूस. खूप आठवून एकच गाणं निघालं, तेही बायकांचं. आमच्याकडे रोवणा करताना बायका बांधीतल्या, धानाच्या खाचरातल्या, चिखलात रांग धरून वाकतात, त्या रांगेला पात म्हणतात. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, रोवत मागे मागे सरकतात आणि गातात. मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, छत्री घेऊन उभा. वर्षानुवर्षं ऐकून शब्द डोक्यात बसले होते.

बांधीत पानी वो बाई, पान्यात आभाळ,
आभाळात बगळा वो बाई, बगळ्याले घाई.

वॉर्ड हसला. मीही हसलो, कुशीत कळ आली. पण गाणं धरलं. आणि तिथेच गाडी अडली. पहिली ओळ संपून दुसरी सुरू केली की ठसका लागायचा. खोकून खोकून जीव जायचा, घाव दुखायचा, पुन्हा अंग चोरायचो. पाचव्या सोमवारी पाणी अर्धा पेला, सहाव्या सोमवारीही अर्धाच. दसरा दहा दिवसांवर आला. डॉक्टरसाहेबांनी नागपूरला पाठवायचा कागद लिहून ठेवला, फक्त सही बाकी होती. त्या दिवशी मला फार भीती वाटली. गिटार गार्डसाहेबांना परत दिली आणि भिंतीकडे तोंड करून पडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनाबाई पेज घेऊन आली. ती एरवी व्हरांड्यातच बसायची, मरदांच्या वॉर्डात तिला संकोच वाटायचा. गार्डसाहेबांनी गिटार माझ्या पोटावर टाकलीच होती. मी चिडून गाणं सुरू केलं, दुसऱ्या ओळीत अडकलो आणि खोकलो. तिनं पेज खाली ठेवून विचारलं,

"अवो, काऊन एकटेच म्हनून राहिले?"

"मंग किती जनानं म्हनाचा?" मी म्हणालो.

"दोन पाती असतेत ना! धुऱ्याकडची पात एक ओळ म्हनते, तवा पल्याडची दम घेते. मंग पल्याडची म्हनते, इकडची दम घेते. वाकून वाकून छाती दबते आमची. एका दमात दोन ओळी कोन म्हनल? मरून जाईल बाई!"

मी म्हणालो, मी इतकी वर्षं ऐकतो आहे, गाणं कधी थांबत नाही.

"तुमाले धुऱ्यावरून एकच आयकू येते. आन ज्या दम घेत होत्या त्याईच्यावरच तुमी वरडत होते. 'तोंड मिटून काऊन राहिल्या वो, झोपल्या का?' आमी झोपलो नवतो. दम घेत होतो."

मी खरंच ओरडायचो. ज्यांची तोंडं मिटलेली दिसत त्यांना कामचुकार म्हणायचो, आणि एकदा एकीला बांधीतून बाहेर काढलं होतं. तोच न पुरणारा दम आता माझ्या कुशीत दुखत होता आणि मी त्याला औषध शोधत होतो.

सोनाबाईनं पदर डोक्यावर ओढला, पाठ दाराकडे केली आणि म्हणाली, "म्हना पयली. दुसरी मी म्हनतो."

मी पहिली ओळ म्हटली. तिनं हळू आवाजात दुसरी घेतली. ती म्हणत होती तोवर मी श्वास घेतला. घाई नव्हती, म्हणून श्वास खाली गेला, अगदी नळीपर्यंत. दुखलं, पण ठसका लागला नाही. पुन्हा पहिली, पुन्हा दुसरी. सहा फेऱ्या झाल्या. खाटेखालच्या बाटलीत बुडबुडे आले; फुगणारं फुप्फुस रिकाम्या जागेतली हवा बाहेर ढकलत होतं. गार्डसाहेबांनी मान वळवून पाहिलं आणि ओरडून सांगितलं, "पटेल, हवा निकल रही है!"

त्या दिवसापासून आमचा रोवणा दिवसातून चार वेळा सुरू झाला. सोनाबाई स्वयंपाकाला गेली की पल्याडची पात म्हणजे गार्डसाहेब आणि ते म्हातारबा. गार्डसाहेब बगळ्याचा उच्चार असा करत की सिस्टर तोंडावर हात धरून पळायची. सोमवारी पाणी दोन चमचे मावलं. डॉक्टरसाहेबांनी नागपूरचा कागद घडी करून खिशात घातला. फाडला नाही.

तुमच्यावर ही वेळ आली तर दोन गोष्टी ऐका. छाती बांधून, श्वास चोरून बसू नका, दवाखान्यात लवकर जा. आणि दुखेल म्हणून फुप्फुस निजवून ठेवू नका. गिटार नसेल तर बाटली फुंका, पण श्वास पुरेपूर आत घेऊन मगच फुंका. मी दम सोडण्याच्याच मागे लागलो होतो, घ्यायचा विसरलो होतो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी डॉक्टरसाहेबांनी शेवटचं पाणी सोडलं. मी डोळे मिटले. सोनाबाई या वेळी व्हरांड्यात गेली नाही. पाणी आत जाईना. नळीच्या कडेनं बाहेर आलं आणि माझी चादर भिजली. डॉक्टरसाहेबांनी पुन्हा सोडलं. पुन्हा बाहेर आलं. त्यांनी पाठीवर ठोकलं, स्टेथोस्कोप लावून ऐकलं आणि म्हणाले, "आत जागा नाही. फेफड़ा आ गया." मग कुशीतली नळी ओढून काढली आणि खिशातला कागद टराटरा फाडला.

मी रडलो. गार्डसाहेबांनी टांगलेल्या पायासकट उठायचा प्रयत्न केला आणि सिस्टरची बोलणी खाल्ली. त्या डॉक्टरांचे, सिस्टरचे आणि त्या गार्डसाहेबांचे उपकार फेडायला मला हा जन्म पुरायचा नाही. तिसरा सूर त्यांनी शिकवला, पण माझ्या बोटांना तो आजवर आला नाही.

वॉर्ड म्हणाला, पटेल, जाता जाता एकदा होऊन जाऊ द्या. गार्डसाहेबांनी गिटार माझ्या हातात दिली. मी तार छेडली. सगळे मी सुरू करायची वाट बघत होते. मी सोनाबाईकडे पाहिलं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती आणि घरात, शेतात, देवळात मी नेहमी पुढे असायचो.

"पयली तू उचल," मी म्हणालो. "मी मांगून येतो."

तिनं पदर सारखा केला आणि भरल्या वॉर्डात, मोठ्या आवाजात, पहिली ओळ उचलली.