मागच्या ब्रेकचा नट

कनीजभाभी रोज सकाळी नवऱ्याच्या पलंगावर नट खोलायचे पाने मांडतात. गफ्फारभाऊ डोळे मिटून एकेक उचलतात. दहाचा. बाराचा. चौदाचा. एकही चुकत नाही. तरी म्हणतात, हे तीस वर्षांची सवय आहे म्हणून जमतं, डोकं गेलंच आहे. हे मला आठवड्यापूर्वी कळलं आणि तेव्हापासून भात ढवळताना, कपडे वाळत घालताना मला तो पलंगच दिसतो. गफ्फारभाऊंचं डोकं शाबूत आहे हे चौघांना माहीत आहे. माझा मुलगा राजदीप, त्याचे दोन मित्र आणि मी.

आरमोरीत पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं टिनाचं दुकान होतं. वडील बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धाव चढवायचे. गफ्फारभाऊ चंद्रपूरला कोळशाच्या ट्रकांच्या गॅरेजात नऊ वर्षं ब्रेकची कामं शिकले आणि परत आले. मूल नाही. दुकानात येणाऱ्या पोरांना बेटा म्हणायचे आणि त्याच दमात शिवीही द्यायचे. नमाजाची वेळ झाली की दुकान बंद करत नसत. जे गिऱ्हाईक बसलं असेल त्याला म्हणायचे, दुकानाकडे पाय जरा, आलोच. तीस वर्षांत एक पाना हरवला नव्हता.

राजदीपनं उन्हाळ्यात गडचिरोलीहून जुनी मोटारसायकल आणली. सूरजागडकडच्या एका ठेकेदाराकडे त्याची नोकरी ठरत आली होती. त्या रस्त्यावर लोहखनिजाचे ट्रक रात्रंदिवस धावतात, आणि या गाडीचा पुढचा ब्रेक पार मुठीला टेकेपर्यंत दाबला तरी गाडी पुढेच जायची. मी त्याच्यामागे लागून ती गफ्फारभाऊंकडे न्यायला लावली. आधीचा मालक दर सणाला डिझेलचा फवारा मारून गाडी चमकवत असे. ते डिझेल पुढच्या ब्रेकच्या पॅडमध्ये मुरलं होतं, ब्रेकचं ऑइल काढ्यासारखं काळं झालं होतं आणि मागचे ब्रेक शू काचेसारखे गुळगुळीत झाले होते. गफ्फारभाऊंनी पॅड आणि शू बदलले, ऑइल काढून नवं भरलं, नळीतली हवा थेंबाथेंबानं बाहेर काढली, मागचा ड्रम आतून घासला. दोन दिवस गेले. प्रत्येक गोष्ट राजदीपला दाखवून केली, कारण जंगलात गाडी बिघडली तर कोण भेटणार. मागच्या ब्रेकचा नट तर त्याच्याच हातानं फिरवायला लावला. म्हणाले, हा चार-सहा फेरे सैल झाला का पाय नुसता खाली जाते. निघायच्या आधी रोज पायजो.

त्यांची आणखी एक रीत होती. मागे बसणारं माणूस आणल्याशिवाय गाडी देत नसत.

"मागं कोन बसते?"

"कोनी नाई," राजदीप म्हणाला.

"मंग बाईले दर रविवारी विहारात मी नेतो का? जा, आईले आन. एकट्याच्या वजनावर कसलेला ब्रेक दोघांले थांबवत नाई."

मी कणकेचे हात धुऊन तशीच गेले. राजदीपचे मित्र तिथे उभे होते. पुलाच्या उतारावर गफ्फारभाऊंनी शिट्टी मारली, राजदीपनं ब्रेक दाबला, गाडी जागच्या जागी थांबली आणि मी त्याच्या पाठीवर आदळले. चष्मा पडला. मित्र पोट धरून हसायला लागले. गफ्फारभाऊंनी तीन वेळा तेच करायला लावलं आणि तिसऱ्यांदा म्हणाले, "आता कसं. आईच्या धाकात चालन गाडी." कुणीतरी व्हिडिओ काढला. संध्याकाळपर्यंत तो गावभर फिरला. खरं सांगायचं तर मीही हसले होते. राजदीप दोन दिवस जेवताना बोलला नाही.

पुढच्या शुक्रवारी गफ्फारभाऊंनी स्वतःच्या जुन्या गाडीला नवे शू बसवले आणि दुपारच्या नमाजाला गेले. दुकानात राजदीप आणि त्याचे ते दोघे मित्र बसले होते. जाताना गफ्फारभाऊ त्यांनाच म्हणाले, पाय जरा.

संध्याकाळी त्याच उतारावर एक ट्रॅक्टर उभा होता. गफ्फारभाऊंचा पाय नुसता खाली गेला. पुढच्या ब्रेकची तारही सैल होती. ते ट्रॉलीवर आदळले. खुब्याचं हाड मोडलं, उजवं मनगट मोडलं.

चौकशी अशी झालीच नाही. दवाखान्यात पोलीस आला तेव्हा त्यांनीच सांगून टाकलं की नमाजाच्या घाईत नट कसायचा मीच विसरलो. गावाला तेवढं पुरलं. पानठेल्यावर लोक म्हणू लागले, गफ्फार मिस्त्री गावाच्या बायका मागं बसवे, सोताच्या टायमाले कोनाले बसवलं नाई.

तीन आठवड्यांनी आम्ही जेवत असताना त्यांचा फोन आला. माझे हात उष्टे होते, म्हणून स्पीकर लावला.

"बाई, राजदीपची गाडी दुसऱ्या कोनाले दाखवून घ्या. माया हातून काही राह्यलं असन. तोवर पोराले चालवू देऊ नका."

सहा महिन्यांत ज्यांची ज्यांची गाडी केली, त्या सगळ्यांना ते पलंगावरून फोन करत होते. कनीजभाभी नंबर लावून देत होत्या. राजदीप वरण कालवत म्हणाला, त्याले सांग, ब्रेक एक नंबर आहे. आणि हसला. ते हसणं पाहून मी फोन ठेवला आणि विचारलं. त्यानं फारसे आढेवेढे घेतले नाहीत.

"मजाक होता, आई. नट चार फेरे सैल केला, बस. तो न पायता निघन, मले काय माहीत? सोताच तर सांगते, रोज पायजो."

मी उठले तेव्हा तो म्हणाला, पोलीस पडताळणीचा कागद ठाण्यात पडला आहे. एक केस झाली की नोकरी गेली. तुला पोरगा पाहिजे का मिस्त्री, ते ठरव.

मी ठरवलं. अकरा दिवस मी गप्प आहे.

गप्पच राहिले असते तर एक वेळ ठीक होतं. पण मी त्यांना भेटायलाही गेले, तेव्हाच तो पलंग पाहिला. शिकलेली बाई म्हणून त्यांनी मला विचारलं, डोक्याची तपासणी कुठी होते. मी त्यांच्या तोंडाकडे न पाहता नागपूरच्या एका डॉक्टरचं नाव कागदावर लिहून दिलं, सुवाच्य अक्षरात, पत्त्यासकट. त्यांनी डाव्या हातानं कागद घेतला आणि म्हणाले, शिकलेलं मानूसच कामी येते, बाई. कनीजभाभींनी मला चहा दिला. तो मी प्याले.

आज बाजारात कनीजभाभी भेटल्या. उद्या सकाळी नऊ वाजता वडशाचा माणूस दुकानातलं सगळं सामान न्यायला येतो आहे. माझ्या हातून कुणाचा जीव जायच्या आधी हे घरातून जाऊ दे, असं गफ्फारभाऊंचं म्हणणं आहे. पाने मात्र त्यांनी स्वतः पुसले, एका हातानं, आणि फडक्यात गुंडाळून ठेवले.

राजदीप आतल्या खोलीत झोपला आहे. ओसरीत त्याची गाडी उभी आहे. उद्या तो एटापल्लीला कागद द्यायला जाईल, ट्रकांच्या मधून जाईल, आणि ब्रेक दाबेल तिथे ती गाडी थांबेल. ते मी गफ्फारभाऊंच्या हाती सोपवलं होतं आणि त्यांनी काम चोख केलं.

केस होईल. नोकरी जाईल. राजदीप माझ्याशी बोलेल की नाही, माहीत नाही. हे सगळं मी अकरा दिवस उलटसुलट पाहिलं आहे, त्यात आता नवीन काही निघत नाही. गफ्फारभाऊ पहाटे पाचला उठतात, फोन उशाशीच असतो. मी पाचला फोन करणार आहे. प्रकृती विचारत बसणार नाही, विचारलं तर मी पुन्हा चहा पिऊन परत येईन. पहिलंच वाक्य सांगायचं आहे. गफ्फारभाऊ, नट तुम्ही नीट कसला होता.