दाविदमामांना उत्तर द्यायचं राहिलं

मामांच्या लेकीचा नांदेडहून फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "ताई, बाबा गेले," एवढंच ती बोलली. मी "बरं" म्हणाले आणि पुन्हा मेथी निवडायला लागले. जुडी संपली आणि मग जे रडू आलं ते आवरेचना. त्याला आता सहा आठवडे झाले. दाविदमामा माझे सख्खे मामा नव्हते. कळमनुरीत आमची ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे वयानं मोठा तो मामा आणि मोठी ती मामी. मला तर त्यांनी पोरीसारखंच वाढवलं, त्यांच्याच बायबल वर्गात.

मामांची सगळी नोकरी सरकारी रोपवाटिकेत गेली. आंब्याचं कलम बांधावं तर त्यांनीच. म्हणून बायबलातल्या पौलाच्या पत्रातला जैतुनाच्या, म्हणजे ऑलिव्हच्या, झाडाचा दाखला त्यांचा फार लाडका. इस्राएल, म्हणजे यहूदी लोक, हे मूळ झाड आणि आपण बाकीचे लोक म्हणजे त्यावर बांधलेली रानटी फांदी, असा तो दाखला. मामा हसायचे. "अगं, कोणता माळी असं करंल? आमी रानटी खुंटावर गोड फांदी बांधतो. देवानं उलटंच केलं, गोड झाडावर आपल्यासारखं रानटी लावलं. मंग फांदीनं मुळाला काहून हिणवावं?"

तीन वर्षांपूर्वी आमच्या मंडळीला, म्हणजे चर्चला, नवे पाळक मिळाले. तरुण, तळमळीचे, पण बोलायला लागले की चौखूर उधळायचे. एका रविवारी म्हणाले, यहूद्यांनी ख्रिस्ताला नाकारलं म्हणून देवानं त्यांना टाकून दिलं, त्यांना दिलेली सगळी वचनं आता आपली. मामा बाकावरून उठले. उपदेश चालू असताना आमच्यात कुणी खोकतसुद्धा नाही! "साहेब, माफी असावी. देवानं त्यांला टाकलं न्हाई."

"काका, खाली बसा," पाळक म्हणाले. मामा बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते माझ्या दारात. मंडळीची सेक्रेटरी मी. चिडलेच होते. "मामा, अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात एक यहूदी दाखवा मला. ज्यांचं तोंड पाहिलं न्हाई त्यांच्यासाठी काहून भांडून राहिले तुमी?"

ते ओट्यावर टेकले. "पोरी, त्यांच्यासाठी न्हाई, माझ्यासाठी. तुझी मामी जाताना लई भेली होती. देव तुला सोडणार न्हाई, त्यानं शब्द दिलाय, असं सांगून मी तिला पाठवलं. ज्यांला सगळ्यात आधी शब्द दिला त्यांलाच तो सोडत असंल, तर मंग मी तिला फसवलं का?" मी आत जाऊन चहा टाकला.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर आमच्याकडे सात जण बोलतात. पहिला उद्गार, 'हे बापा, त्यांना क्षमा कर', कायम मामांचा. "त्यांला क्षमा कर म्हणजे यहूद्यांला न्हाई, आपल्याला," हे ते दरवर्षी सांगायचेच. त्या वर्षी यादी करताना मी त्यांचं नावच घातलं नाही. पाळकांनी सांगितलं नव्हतं हो! माझाच शहाणपणा... वाद नको म्हणून. मामा आले, मागच्या बाकावर बसले, सगळी गाणी म्हणाले आणि घरी गेले. पुढे त्यांचा वर्गही बंद पडला. बंद करा असं कुणी म्हणालं नाही, फक्त कुणी गेलं नाही. मीही नाही.

शेवटचं भेटले ते नांदेडच्या दवाखान्यात. माफी मागायचीच असं ठरवून गेले होते. पण मी पडले रिटायर नर्स, हात आपोआप सलाइनकडे गेला. मामांनी माझं मनगट धरलं. "तुला काय वाटतं गं? टाकतो का तो?" जन्मभर आम्हाला शिकवणारा माणूस मला विचारत होता. आणि मी काय म्हणावं? "मामा, बोलू नका, दम लागंल." त्यांनी मनगट सोडलं. चार दिवसांनी तो फोन आला.

कबरेपाशी पाळकसाहेब चांगलं बोलले, खोटं कशाला सांगू? देव दिलेला शब्द कधी फिरवत नाही, हे त्यांनी ठासून सांगितलं, डोळेही पुसले. सगळे आमेन म्हणाले. अहो साहेब, हेच तर ते म्हणत होते... पण तिथंही माझी जीभ उचलली नाही.

लेकीनं घराची किल्ली माझ्याकडे ठेवलीय. मी रोज सकाळी जाते, खिडक्या उघडते, केर काढते. त्यांची नवारीची खाट अजून तिथंच आहे, मधोमध खोल गेलेली. मी तिच्या कडेला बसते आणि मोठ्यानं म्हणते, "न्हाई मामा, न्हाई टाकत तो." पहिल्या दिवशी स्वतःचीच लाज वाटली, आता वाटत नाही. वर्गात कुणी उत्तर दिलं की मामा लगेच विचारायचे, "कशावरून?" त्या प्रश्नाची वाट बघत मी जरा वेळ बसून राहते. कुणी विचारत नाही.