उत्तमकाकांच्या विहिरीचं पाणी

आधी नाव सांगतो, मग काय झालं ते. उत्तमकाका. वाशीमच्या कडेला, जिथं नवीन लेआउट, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वसाहती, संपतात आणि भाजीचे मळे सुरू होतात, तिथं त्यांचं घर, दीड एकराचा मळा आणि एक विहीर आहे. काकांनी आणि काकूंनी माझ्यासाठी जे केलं ते माझ्या सख्ख्या भावानं केलं नाही, हे मी कुणालाही सांगतो. त्यात मला कधी लाज वाटली नाही. पण मी त्यांच्याशी कसा वागलो — ते आजपर्यंत एका माणसाला सांगितलेलं नाही. सारिकाला, माझ्या बायकोला, तर नाहीच नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. आणि खरं सांगू? आता मलाच माझा वैताग आलाय.

मी रोलर चालवतो. गाव गडहिंग्लजकडं. इथून तिकडं जायचं तर दोन गाड्या बदलून पूर्ण दीड दिवस जातो. रस्त्याच्या कामावर शेलूबाजारला आलो तेव्हा आरोही दहा महिन्यांची होती आणि आम्ही कामावरच्या पत्र्याच्या खोलीत राहायचो. काका त्यांच्या लोडिंग ऑटोतून तिथं भाजी विकायला यायचे. एक दिवस पोरगी तापानं फणफणली होती, सारिका दारात रडत उभी होती, मी मशीनवर. काकांनी वांग्याची कॅरेटं तिथंच रस्त्याच्या कडेला उतरवली, माय-लेकीला ऑटोत घातलं आणि थेट वाशीमचा दवाखाना गाठला. नंतर अकरा दिवस काकूंनी दोघींना घरी ठेवून घेतलं. आधारवर इकडचा पत्ता लागेना, तर काकांनी स्वतःचं लाईट बिल दिलं. गॅसची टाकीही त्यांच्याच ओळखीनं. अशा माणसाला आपण काय द्यावं? मी काय दिलं ते पुढं येईलच.

रस्ता संपला. जवळच्याच एका खडी-क्रशरवाल्यानं मला कायमचं ठेवून घेतलं. मग राहायचं कुठं हा प्रश्न आला. तुम्ही कधी लहान पोर घेऊन, परक्या जिल्ह्यात, बिऱ्हाड मांडायला गाव निवडलंय? नसेल तर सुखी आहात. शेलूबाजारला काम जवळ, पण दारातून दिवसभर जीपचे हॉर्न. मंगरूळपीरला खोली बरी, तर मालकाच्या अटी लग्नपत्रिकेएवढ्या लांब. वाशीमला दवाखाने, रेल्वे, शाळा, सगळं आहे — पण मला रोज जाऊन-येऊन करायचं. ज्याला विचारावं तो वेगळंच सांगणार. दलाल म्हणणार, दादा, दोन वर्षांत इथं सोन्याचा भाव येईल. सासरे फोनवरून म्हणणार, तिथं कशाला, गावाकडंच या. गावाकडं काय होतं? दोन भावांत एक गोठा. माझं डोकं पिकलं होतं.

त्यात काकांनी सांगितलं, "मळ्याच्या अंगानं दोन खोल्या बांधल्या म्या. भाडेकरू पाहूनच राह्यलो होतो. तुमीच या ना बाप्पा. पोरगी आमच्या डोळ्यापुढं वाढंन."

सारिकाला दुसरं काही बघायचंच नव्हतं. पण ती हिशेबी बाई आहे. आणि काकूंनी तिला इकडची एक रीत शिकवली होती. नवीन ठिकाणी राहायला जायचं तर आधी तिथल्या पाण्यात तुरीची डाळ शिजवून बघायची. "खोली काय पाह्यतं माय, पानी पाहा," काकू म्हणायच्या. "पान्यात डाळ शिजली तं पोरं नीट वाढतात." जड पाण्यात डाळ किती उकळा, दाणा तसाच टणक राहतो. गोड पाण्यात लोण्यासारखी विरघळते. सारिकानं मला तीन बाटल्या दिल्या. शेलूबाजार, मंगरूळपीर आणि काकांची विहीर. झाकणावर पेनानं नावं लिहिली आणि म्हणाली, "प्रत्येक ठिकाणचं पाणी भरून आणा. विसळून भरा बरं का."

दोन बाटल्या मी नीट भरल्या.

तिसरी — थांबा, त्याच्याआधी दुसरं एक सांगायला हवं. मी ते टाळतोय, मला कळतंय.

काकांच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर एक शाळा आहे. काकांची सून तिथं बालवाडीला शिकवते. काकांनी तिच्याकडून प्रवेशाचा फॉर्मसुद्धा आणून ठेवला होता, आरोहीसाठी. मोठ्या कौतुकानं माझ्या हातात दिला. त्यात एक रकाना होता. पालकांचे शिक्षण, सोबत दाखल्याची झेरॉक्स. आणि खाली, आई-वडील दोघांनी भेटीला येणे.

मी सातवीतून शाळा सोडली. लग्न जमताना माझ्या मामानं बारावी सांगितलं आणि मी मान हलवली. सारिका खरी बारावी पास आहे. तिच्या घरच्यांनी दुसरं स्थळ नाकारलं होतं, तो मुलगा दहावी नापास होता म्हणून. हे ती हसत हसत सांगते. मीही हसतो. नऊ वर्षं हसतोय.

काकांच्या घरी राहायचं तर शाळा तीच, आणि तो रकाना सारिकासमोर भरावा लागणार. तर आता कळलं तुम्हाला? घर चांगलं, माणसं चांगली, पोरीची शाळा चांगली — आणि मला त्या घरापासून पळायचं होतं. सरळ सांगता आलं असतं. सारिका चार दिवस बोलली नसती. कदाचित महिनाभर. त्याच्यापुढं काय झालं असतं? काही नाही. पण मी कधी सरळ वागलोय का?

डांबराच्या कामात रोलरच्या चाकावर सारखं पाणी सोडावं लागतं, नाहीतर डांबर चिकटतं. आमच्या क्रशरवरच्या बोअरचं पाणी रोलरच्या टाकीत भरतो. इतकं जड की पाइपची भोकं चुन्यानं बुजतात, मी आठवड्याला तारेनं मोकळी करतो. ते पाणी मी तिसऱ्या बाटलीत भरलं. वरच्या झाकणावर सारिकाच्या अक्षरात लिहिलं होतं, काका.

तिनं तीन गंज चुलीवर — म्हणजे गॅसवर, एकामागून एक — चढवले. प्रत्येकात एक मूठ डाळ. शेलूबाजारची डाळ शिजली, बरी. मंगरूळपीरची जरा वेळ लागून. काकांची शिजेचना. सारिका पळीनं दाणा उचलून बोटांत दाबत होती, पुन्हा झाकण ठेवत होती. तिचा चेहरा बघवत नव्हता. "एवढी चांगली माणसं आणि पाणी असलं? मी तिथं अकरा दिवस राहिले तेव्हा तर डाळ शिजत होती," म्हणाली. मी म्हणालो, "आता उन्हाळ्यात तळाचं येत असेल." किती सहज बोललो! त्याचीच आता चीड येते.

मी काकांना फोन केला. पाणी जड आहे, लहान पोरगी आहे, राग मानू नका. पलीकडं काका हसले. "काहून गंमत करून राह्यला बाबू? या विहिरीच्या पान्यावर माह्या तीन पिढ्यायची डाळ शिजली." मग हसणं थांबलं. मी गंमत करत नाही हे त्यांना कळलं.

आम्ही शेलूबाजारला खोली घेतली. झालं, संपलं, असं मला वाटलं.

आठ दिवसांनी काका दारात. ऑटो बंद होता म्हणून जीपमधून आले होते, मांडीवर वीस लिटरचा कॅन घेऊन. धोतर भिजलेलं. सारिकाला म्हणाले, "पोरी, माह्यासमोर एकडाव शिजोव. नाही शिजली तं मी खोल्या कोनालेच देत नाही." त्यांना भाडं नको होतं हो. आपल्या विहिरीला कुणी वाईट म्हटलं, तेही आपण घरच्यासारखं मानलेल्या माणसानं — हे त्यांना सहन होत नव्हतं.

सारिकानं गंज चढवला. घरमालकीण आली, शेजारच्या दोघी आल्या. इकडं कुणाच्या घरी काही चाललंय म्हटल्यावर कुणी लांब राहत नाही. एकीनं काकांना चिडवलंसुद्धा, "आजोबा, पानी पास होते का नापास?" काका म्हणाले, "थांब वं, निकाल लागूनच राह्यला."

डाळ शिजली. अशी शिजली की पळी लागायच्या आत विरघळली. काकांनी लहान पोरासारखं सगळ्यांकडं बघितलं. आणि मग माझ्याकडं.

तो क्षण होता. सातवी एवढाच शब्द बोलायचा होता मला. त्याच्याऐवजी मी काय बोललो? चार बायकांसमोर, हसत — "काका, विकतच्या जारचं पाणी भरून आणलंत काय?"

आधी कुणाला कळलं नाही. मग घरमालकीण तोंडाला पदर लावून हसली. मग दुसरी. सारिका हसली नाही, पण तिनं काकांकडं बघितलं ते दयेनं. म्हातारा माणूस, इज्जतीसाठी काय करेल आणि काय नाही — असं. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला होता. ती नेहमीच ठेवते.

काका एवढंच म्हणाले, "बाबू, मी पानी इकत नाही."

सारिकानं त्यांना ताट वाढलं. ते उठून गेले असते तर बरं झालं असतं, मला रागावता तरी आलं असतं. पण वाढलेल्या ताटावरून उठले तर पोरीला वाईट वाटेल म्हणून बसले. डाळ, भाकर, कांदा, सगळं खाल्लं. आरोहीच्या डोक्यावर हात ठेवला. आणि स्टँडवर जाऊन वाशीमची जीप पकडली. मी सोडायलाही गेलो नाही. काय म्हणून गेलो असतो?

घरमालकिणीची बहीण काकांच्या मळ्याशेजारच्या लेआउटमध्ये राहते. आता पुढचं सांगायची गरज आहे का? तिथली दहा-बारा घरं काकांच्या विहिरीचं पिण्याचं पाणी न्यायची, फुकट. नळाला आठवड्यातून एकदा पाणी. काकांनी त्यांच्यासाठी फाटकाला कुलूप कधी लावलं नव्हतं. एकेक जण यायचा थांबला. जार घ्यायला लागले. म्हातारा पाण्यात काहीतरी लबाडी करतो म्हणे. दोन खोल्या वर्षभर रिकाम्या राहिल्या. एक नर्सबाई बघून गेली, आवडल्यासुद्धा होत्या, मग तिला कुणीतरी काही सांगितलं. हे मला काकांच्या सुनेकडून कळलं, बाजारात भेटली तेव्हा. तिनं तक्रार म्हणून सांगितलं नाही. "बाबांनी फाटक लावून घेतलं आता," एवढंच म्हणाली, आणि आरोही कितवीत गेली ते विचारलं.

आरोही दुसरीत आहे. इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते, गुरुजी चांगले आहेत. प्रवेशाच्या वेळी मला शिक्षण कुणी विचारलं नाही. म्हणजे ज्याच्यासाठी एवढं केलं ते साधलं. मग मी खुशीत का नाही? पोहरादेवीच्या यात्रेच्या जीपा दारावरून जातात, पोरगी मला त्यांच्यावरच्या पाट्या वाचून दाखवते, आणि माझ्या मनात येतं की ही एक दिवस माझाही दाखला वाचायला मागेल.

मी भ्यालो होतो, हे खरं. पण पहिल्या वेळी, बाटली भरताना, भ्यालो होतो. दुसऱ्या वेळी, त्या चार बायकांसमोर, मी भ्यालेलो नव्हतो. त्या वेळी मला नुसतं जिंकायचं होतं. एका म्हाताऱ्या माणसाशी, ज्यानं माझ्या पोरीसाठी आपली वांगी उन्हात टाकून दिली होती. भीतीवर सगळं ढकलता आलं असतं तर सोपं होतं. ढकलता येत नाही.

सारिकाला अजून सांगितलेलं नाही. दर रविवारी ठरवतो आणि दर रविवारी रोलरची काहीतरी दुरुस्ती निघते. म्हणजे मी काढतो.

काकांचं देणं आहे माझ्याकडं. ते पाया पडून किंवा आंब्याची पेटी नेऊन फिटणारं नाही. मी त्यांची इज्जत लोकांसमोर घेतली, तर लोकांसमोरच परत द्यावी लागेल. एक दिवस मी सारिकाला घेऊन त्या लेआउटमध्ये जाणार आहे. घर क्रमांक एकपासून सुरुवात करणार. प्रत्येक दार वाजवणार, माझं नाव सांगणार, मी सातवी शिकलोय हे सांगणार, आणि बाटलीत मी काय भरलं होतं ते सांगणार. दहा-बारा दारं आहेत. काकांच्या दारी सगळ्यात शेवटी जाईन, सगळ्यांना सांगून झाल्यावरच. त्यांनी मला घरात घ्यावं असं मी म्हणत नाही. त्यांच्या फाटकाबाहेर उभा राहून तेवढंच सांगेन आणि परत येईन.